प्रणाम, ध्यान, सर्व ठीक

ताई, तुझी शेवटची सकाळ अजून माझ्या फोनमध्ये आहे. तुझ्या मनगटावरच्या पट्ट्यानं ती पाठवली होती. वर तुझं नाव, खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं: प्रणाम. ध्यान. सर्व ठीक. दिवसातून कितीदा उघडून बघतो ते मलाच माहीत नाही. दुकानात गिऱ्हाईक क्लच प्लेट मागत असतं आणि मी फोनमध्ये डोकं घालून उभा असतो. परवा एकानं विचारलंसुद्धा, "काय गा मिलिंदभाऊ, क्रिकेट पाहून राह्यला का?" मी हो म्हणून टाकलं.

सर्व ठीक म्हणे. पट्टा हे लिहीत होता तेव्हा तू घाटंजीच्या तुझ्या घरात, बुद्धमूर्तीपुढच्या फरशीवर, उजव्या कुशीवर पडलेली होतीस. दाराला आतून कडी होती. मी इकडे आर्णीत कुलर झाकून ठेवलेल्या दुकानात बसून फोनवर हिरवी अक्षरं बघितली आणि निवांत चहा मागवला.

आता त्या पट्टेवाल्या कंपनीला ती सकाळ पाहिजे आहे. श्रुतीचा फोन आला होता. तीच, तुला पट्टा शिकवायला यायची ती पोरगी. ती तुला आजी म्हणायची आणि तू तिला मॅडम म्हणायचीस. ती म्हणाली की मी परवानगी दिली तर त्या सकाळची सगळी हालचाल त्यांची तज्ज्ञ मंडळी तपासतील, 'प्रणाम' काढून तिथं खरं काय ते लिहितील आणि पट्ट्याला त्यातून शिकवतील. नाही दिली तर ती सकाळ त्यांच्याकडून पुसली जाईल. मी विचार करून सांगतो म्हटलं. खरं तर फोन भिंतीवर आपटावासा वाटला होता. जिवंत होतीस तेव्हा वाकून वाकून तू त्यांच्या यंत्राची शिकवणी घेतलीस. आता तुझं मरणही त्यांना शिकवणीला पाहिजे.

आणि आपली माणसं तरी कोणती वेगळी आहेत! तू गेल्यानंतरच्या जलदान विधीला सगळा वॉर्ड आला होता. तुझ्या अंगणवाडीत कधीकाळी नाक गळत बसलेले लोक आता आपापली पोरं कडेवर घेऊन आले होते. ते बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण विहारातले वानखडे काका बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "वंदना करता करता गेली बाई. असं मरण मांगून भेटत नाही कोणाले." सगळ्यांनी माना हलवल्या. बायकांनी पदर डोळ्याला लावले. मी उठून मागच्या अंगणात गेलो आणि टाक्याशी उभा राहून तोंडावर पाणी मारत राहिलो. काकांशी भांडण करायचं नव्हतं मला. पण यंत्र म्हणतं प्रणाम, काका म्हणतात प्रणाम, आणि मी एकटा म्हणतोय की अरे बाबांनो, ती पडली होती. पडलेल्या माणसाला उचलतात. प्रणाम करणाऱ्याला कोण उचलायला जाईल?

तुला राग आला असता माझ्या या बोलण्याचा. येऊ दे.

अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हा यवतमाळला तुझ्या डोक्याचा फोटो काढला, आठवतं? डॉक्टरांनी तो संगणकावर दाखवला. एक बाजू स्वच्छ आणि दुसरीत डाग. तुझी बोली तेव्हा गेलेली होती, त्यामुळे तू नुसती टक लावून बघत बसलीस. पुढं बोलायला लागल्यावर शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात परत फोटो काढला, तेव्हा मात्र तू डॉक्टरांना विचारलंस, "हे माह्यं डोक्सं होय? बोंड अर्धं फुटलं अन् अर्धं नाही फुटलं, तसं दिसते." डॉक्टर बाहेरचे होते. कापसाचं बोंड म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागलं. मग ते इतके हसले की बाहेरची नर्स आत डोकावली.

त्याच हॉस्पिटलात ते हात चालवणारं यंत्र होतं. खुर्चीत बसवायचे, तुझा लुळा उजवा हात एका बाहीत अडकवायचे आणि समोरच्या पडद्यावर एक पक्षी यायचा. त्याला घरट्यात नेऊन ठेवायचं. तू थोडा जोर लावलास की उरलेला जोर यंत्र लावायचं. जोरच लावला नाहीस तर तेही थांबून राहायचं. पहिल्या दिवशी तू त्याच्याकडे संशयानं बघितलंस. तिसऱ्या-चौथ्या वेळी म्हणालीस, "जवाई चांगला भेटला बाप्पा मले. हात धरते अन् तोंड उघडत नाही." भाऊजी गेल्यावर तुझ्या तोंडून असली थट्टा मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लेक नव्हती तुला. जवाई मात्र मिळाला, तोही विजेवर चालणारा.

त्या यंत्राचे उपकार मी नाकारत नाही. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये एका दुपारी तू उजव्या हातानं कप उचललास. थरथरत, बशीत अर्धा सांडत, पण ओठापर्यंत नेलास. मला रडू आलं. तू माझ्यावरच खेकसलीस, "कायले रडून राह्यला रे? च्या थंडा होते." मी तुझा च्या पीत बसलो आणि मनातल्या मनात त्या पक्ष्याला, त्या घरट्याला, सगळ्यांना हात जोडले. यंत्रावर माझा राग असता तर गोष्ट सोपी होती. पण त्यानंच तुला हात परत दिला, निदान कपापुरता.

त्याआधीचे आठवडे तू माझ्याकडे आर्णीत होतीस. तोंडातून शब्द निघत नव्हता. काही पाहिजे असलं की तू गादीवरून डावा हात खाली सोडायचीस आणि तळहातानं फरशीवर थाप मारायचीस. अंगणवाडीत गोंगाट झाला की पाटावर मारायचीस तशीच. एक थाप, मग जरा वेळ थांबणार, मग दुसरी. मी येईपर्यंत. माझी बायको गेली तर तू मान हलवून नाही म्हणायचीस आणि पुन्हा थाप. तिला हसू यायचं आणि थोडा रागही यायचा. "तुमच्या नावाची थाप आहे, जा," म्हणायची. मी दुकानाच्या मागच्या खोलीत असलो तरी ती थाप ओळखायचो. आजही ओळखीन. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं ते लागणार आहे.

बोली परत आल्याबरोबर तू पहिलं वाक्य काय बोललीस? "मले माह्या घरी नेऊन दे." नेऊन दे म्हणे! मी किती भांडलो तुझ्याशी. खोली बांधून देतो म्हटलं, बुद्धमूर्ती इकडे आणतो म्हटलं. तू एकेक गोष्ट ऐकून घ्यायचीस आणि शेवटी तेच. "तुह्या घरी मी पाहुणी. पाहुणीनं किती दिवस राहावं?" बहीण भावाच्या घरी पाहुणी कशी काय असते हे तू मला कधीच समजावून दिलं नाहीस. हे भांडण अर्धंच राहिलं आहे. माझी बाजू अजून मांडून व्हायची आहे, ताई.

मग तो पट्टा आला. आपल्यातला तह म्हणा. हॉस्पिटलातूनच मिळाला. मनगटावर घालायचा. माणूस चालतो की बसतो की पडतो, ते त्याला आतल्या आत कळतं, आणि पडला की माझ्या फोनवर भोंगा वाजतो. मोटारसायकलचं स्टँड खाली राहिलं की हल्लीच्या गाड्या सुरूच होत नाहीत, त्याच जातीची वस्तू. मला तो समजला आणि म्हणून आवडला. सुट्या भागांवर माझा विश्वास आहे. भाग बिघडला तर कळतं, बदलता येतो.

एक गोष्ट तेव्हाच खटकली होती. पट्टा डाव्या हातात घालायचा होता, कारण उजवा हात फारसा हलतच नव्हता. पट्ट्यावर मदतीचं लाल बटण होतं. डाव्या मनगटावरचं बटण दाबायला उजवा हात लागतो. तुझ्या हे माझ्याआधी लक्षात आलं. "बटन दाबाले कोणाले बोलावू? शेजारच्या सुशीलेले?" तू म्हणालीस, आणि मग हनुवटीनं दाबून दाखवलंस. जमलं. आपण दोघंही हसलो. श्रुतीही हसली आणि तिनं ते लिहून घेतलं, 'हनुवटीनं बटण दाबतात' म्हणून. ज्यानं कोणी तो पट्टा बनवला त्याला अर्धं अंग गेलेलं माणूस कसं असतं हे ठाऊकच नव्हतं. अर्धं अंग गेलेल्या माणसांसाठीच तर तो बनवला होता.

आणि मग सकाळचे भोंगे सुरू झाले. मी दुकानाचं शटर वर करतोय न करतोय तोच फोन किंचाळायचा: "ताई पडल्या आहेत. लगेच संपर्क करा." पहिल्या वेळी मी शटर अर्ध्यावरच सोडलं. तुला फोन लावला तर तू शांतपणे म्हणालीस, "काहून गा? वंदना करून राह्यली होती." तू गुडघ्यांवर बसून, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार करायचीस. एकदा बुद्धाला, एकदा धम्माला, एकदा संघाला. पट्ट्याला वाटायचं तीनदा पडली. फोनवर खाली दोन चौकोन यायचे, 'चुकीचा इशारा' आणि 'खरंच पडल्या'. दुसरा दाबला की कंपनीलाही खबर जायची. मी रोज सकाळी 'चुकीचा इशारा' दाबायचो. आधी तुला फोन करून, नंतर नंतर फोन न करता.

मी म्हटलं, खुर्चीवर बसून हात जोड. डॉक्टरांनीही सांगितलंय डोकं खाली करू नका म्हणून. तू म्हणालीस, "आपल्या बापानं साऱ्या देवापुढं डोक्सं टेकणं सोडलं. एकच जागा ठेवली. तेथंही मी खुर्चीवर बसू?"  मग तूच तोडगा काढलास. "त्याले समजत नाही तर त्याले शिकवा. लेकराले नाही का शिकवत? मी काहून बदलू?"

आणि शिकवायला श्रुती आली. उन्हाळा होता, तू तिला आल्याबरोबर मठ्ठा दिलास. लॅपटॉप मांडीवर घेऊन ती भिंतीला टेकून बसली आणि तू नमस्कार करत राहिलीस. हळू कर, जलद कर, डाव्या बाजूनं उठ, उजव्या बाजूनं उठ. अंगणवाडीतल्या पोरांना ओळीनं उभं करून हातपाय हलवायला लावायचीस, तसा तुझा आवाज लागला होता. "पाहून घे रे बाबू," तू पट्ट्याला म्हणायचीस, "याले नमस्कार म्हणतात." मग श्रुतीनं गादी टाकायला सांगितली. आता पडून दाखवायचं होतं, म्हणजे त्याला फरक कळेल. तू उभ्यानं गादीवर पडलीस, बसून पडलीस, चालता चालता पडलीस, आणि प्रत्येक वेळी पोरीसारखी खिदळलीस. तुझं अंग दुखेल म्हणून मी ओरडत होतो, तर माझ्याकडे कोणी बघेना.

शेवटी श्रुती लॅपटॉपमध्ये बघत म्हणाली, "आजी, नमस्कार करताना मध्येच पडलात असं पण एकदा करू या का?"

तू कपाळाचा घाम पुसत म्हणालीस, "अवं मॅडम, डोक्सं तर जमिनीलेच टेकलं हाय. तेथून आनखी कुठं पडू?"

आपण तिघंही हसलो. श्रुतीनं लॅपटॉप मिटला. बरोबरच वाटलं ते. आजही वाचायला बरोबरच वाटतं, नाही का? जी माणसं रोज जमिनीला डोकं टेकतात त्यांना जमीन ही पडायची जागा वाटतच नाही.

भोंगे थांबले. फोनवर हिरव्या अक्षरांत 'प्रणाम' येऊ लागलं. तू वॉर्डभर सांगत फिरलीस, "माह्याजवळचं यंत्र नमस्कार शिकलं." मग पौर्णिमेला नवा घोटाळा झाला. विहारात सगळे डोळे मिटून ध्यानाला बसलेले, तू पण, आणि तुझ्या पिशवीतला फोन मोठ्यांदा बोलला, "आपण ठीक आहात का? बराच वेळ हालचाल नाही." सगळा विहार हसला. वानखडे काकांनी म्हणे विचारलं, "बाई, हे तुमचं यंत्र आम्हाले ध्यान करू देईन का नाही?" तू लाजलीस. दुसऱ्या दिवशी श्रुतीला फोन केलास, आणि तिनं तिकडून तेही दुरुस्त केलं. प्रणामानंतर हालचाल थांबली तर ते ध्यान समजायचं, आणि लवकर बोंबलायचं नाही. ध्यानात हात जरासा हलला, पाय अवघडला, माळ सरकली, तरी ते ध्यानच. 'ध्यान' हे नावही तुझ्यामुळंच ठेवलं त्यांनी. तू केवढी खूश होतीस.

तुझ्या भरवशावर, ताई, मी सकाळी शटर वर करताना फोन बघायचं सोडून दिलं होतं. नंतर कधीतरी, निवांत बघायचो.

त्या दिवशी घाटंजीचा बाजार होता. सुशीलाबाई आणि गल्लीतल्या बाकीच्या बायका सकाळीच निघून गेल्या. तिनं जाताना तुला आवाज दिला, तू ओ दिलीस, "माह्यासाठी सांबार आन व," म्हणालीस. एवढं तिला पक्कं आठवतं. ती दुपार कलल्यावर कोथिंबिरीची जुडी घेऊन आली तर दार बंद. दुधाची पिशवी बाहेरच्या कडीला तशीच लटकलेली. खिडकीतून बघितलं तर तू. तिनं दार तोडायला माणसं बोलावली आणि मग मला फोन केला. मी फोन उचलण्याआधी त्यावर काय होतं माहीत आहे? ध्यान. सर्व ठीक.

मी पोचलो तेव्हा तुला यवतमाळला नेलेलं होतं. पुन्हा तोच फोटो, पुन्हा तोच संगणक. या वेळी स्वच्छ बाजू शोधावी लागत होती. डॉक्टर तरुण होते, चांगले होते. चित्रावर बोट फिरवत ते म्हणाले, "हे सकाळी झालंय. सकाळीच आणलं असतं तर..." आणि त्यांनी चित्र बंद केलं.  तो 'तर' माझ्या कानात असा बसलाय की गिऱ्हाइकानं 'तर' म्हटलं तरी मी दचकतो. संध्याकाळी तू गेलीस. तुझा डावा हात माझ्या हातात होता. पट्टा तेव्हाही मनगटावर होता, कोणाला काढायचं सुचलं नव्हतं.

मला तुझ्यावर फार राग आहे, ताई. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण कोणावर रागवू? श्रुतीवर? ती तुझ्या विधीला पांढरा ड्रेस घालून आली होती. एका कोपऱ्यात बसली, पाणीसुद्धा प्यायली नाही. मी तिच्या अंगावर धावून गेलो तेव्हा ती म्हणाली, "सर, त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं." खरं बोलली, म्हणून आणखी चीड आली. यंत्रावर रागवू? ते तुझं इतकं ऐकत होतं की माझं कोणीच एवढं ऐकलं नाही. राहता राहिलीस तू. खुर्चीवर बसून हात जोडले असतेस तर काय झालं असतं? माझ्याकडे पाहुणी म्हणून राहिली असतीस तर काय झालं असतं? आणि हेही मला तितकंच कळतं की तू तशी वागली असतीस तर ती तू नसतीस, आणि ज्या बहिणीनं मला बोट धरून शाळेत नेलं ती भलतीच कोणी असती. हे कळून राग कमी होत नाही.

आणि मग काल श्रुतीचा पुन्हा फोन आला. ती बोलता बोलता अडखळत होती. म्हणाली, "सर, परवानगीशिवाय मी ती नोंद नीट बघू शकत नाही. पण वरवर दिसतंय ते सांगते. आजी पूर्ण स्थिर नव्हत्या. डावा हात हलत होता. म्हणजे, खाली आपटल्यासारखा. एकदा हलायचा, मग थांबायचा, मग परत. बराच वेळ. पट्ट्यानं ते ध्यानातली हालचाल म्हणून सोडून दिलं."



एक थाप. मग जरा वेळ थांबणार. मग दुसरी. मी येईपर्यंत.

उजवा हात अंगाखाली अडकलेला, डावा हात हनुवटीपर्यंत उचलला जात नाही म्हणून बटणही दाबता येत नाही, बोली गेलेली. मग तू तेच केलंस जे माझ्या घरी करायचीस. तू मला बोलावत होतीस, ताई. मोकळ्या गल्लीतल्या बंद घरात फरशीवर थापा मारून तू माझ्या नावानं बोलावत होतीस, आणि ती हाक जिच्याकडे पोचत होती ती एकच वस्तू तुझ्या मनगटावर होती. तिनं हाक ऐकली आणि मला कळवलं, ध्यान.

रात्रभर मला वाटत होतं, नाही द्यायची परवानगी. ही हाक माझी आहे. ती कोणाच्या संगणकावर रेघा होऊन का पळावी? पुसली तर पुसू दे. सकाळी उठलो आणि घाटंजीला आलो.

तुझं घर उघडलं. सुशीलाबाईनं झाडून ठेवलेलं होतं. फरशी थंड होती. पट्टा हॉस्पिटलातून आणून मी टेबलावर ठेवला होता, तो तिथंच होता. मी तो चार्जिंगला लावला. का लावला? दुकानात कोणताही भाग मी तपासल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही, तसंच काहीसं डोक्यात असेल. हिरवा दिवा लागल्यावर तो माझ्या डाव्या मनगटाला बांधला. तुझ्या मापाचा होता, शेवटच्या भोकात कसाबसा बसला.

तुला माहीत आहे, मी हात जोडून मोकळा होणारा माणूस. तू त्यावरून कायम टोमणे मारायचीस. आज मी तुझ्या जागेवर गुडघे टेकले. तुझ्यासारखं जमलं नाही, पोट आडवं येतं, तोल गेल्यासारखाच खाली गेलो. कपाळ फरशीला टेकलं. तू इथून काय बघत असशील ते बघायचं होतं मला. मूर्तीच्या चौरंगाचा पाय दिसतो आणि दाराखालची उजेडाची फट. दार किती लांब आहे इथून.

आणि खिशात भोंगा वाजला.

माझा नमस्कार त्याला कोणी शिकवला नव्हता. फोन किंचाळत होता, "ताई पडल्या आहेत. लगेच संपर्क करा. ताई पडल्या आहेत." मी कपाळ टेकलेलाच राहिलो. इतक्या दिवसांनी का होईना, शेवटी ती खबर मला मिळाली. मी एका कुशीवर कलंडून फोन बाहेर काढला. खाली ते दोन चौकोन आले. कितीतरी सकाळी मी डावीकडचा चौकोन न बघता दाबला आहे! आज उजवीकडचा दाबला. 'खरंच पडल्या.'

लगेच फोन आला. श्रुतीच होती, घाबरलेली. "सर? सर, आजींच्या पट्ट्यावरून... कोण पडलं?"

"माही बहीण पडली," मी म्हटलं. फरशीवरूनच बोलत होतो. "सकाळीच पडली. घ्या तुमची नोंद, हो म्हणतो मी. पन ते 'प्रणाम' खोडा मॅडम, अन् पडली म्हणून लिहा. अन् हात हलत होता ना तिचा, ते ध्यान नव्हतं. ते मले बोलावून राह्यली होती. तेही लिहा."